नागपुरात समुद्र कुठून आणायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मूळची नागपूरची. कोकणात सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेपेक्षा मुलांना पर्यावरण शिकवण्यात मला जास्त रस आहे आणि ते काम नागपुरातच करायचं आहे. घरचे म्हणतात, समुद्र शिकलीस तर समुद्राकाठीच नोकरी बघ, इथं त्याचा काय उपयोग? बी.एड. करू, पीएच.डी. करू, की विषयच बदलू? आणि सुट्टीत घरी येताना इथल्या मुलांसाठी काय आणू?"

माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीत लिहिते. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि गेली बावीस वर्षं नागपूर आणि आसपासच्या शाळांमध्ये पर्यावरण शिकवते आहे. तू समुद्र आणि नागपूर यांतलं एक निवडायचं, अशा बेताने प्रश्न मांडला आहेस. मला खरी अडचण तिथे दिसत नाही. तुला शिकवायचं आहे की माहिती द्यायची आहे, हे तू अजून ठरवलेलं नाहीस. ते ठरलं की बी.एड., पीएच.डी. हे प्रश्न बरेच सोपे होतात. विषय मात्र बदलू नकोस. का, ते सांगते.

सुरुवातीच्या वर्षी मी महापालिकेच्या एका शाळेत सहावीच्या वर्गाला समुद्र 'दाखवला' होता. प्रवाळ, देवमासे, कासवं, सगळ्यांच्या सुंदर स्लाइड्स होत्या. मुलं एका जागी खिळून बसली, बाईंनी कौतुक केलं. आठवड्याने परत गेले आणि काय आठवतं ते विचारलं. एक मुलगा उठला, "मॅडम, देवमासा लय मोठा राह्यते." बाकी वर्ग गप्प. मुलांचं काही चुकलं नव्हतं. मी त्यांना लांबच्या देशाची चित्रं दाखवून आले होते.

त्याच शाळेमागून एक नाला वाहत होता. पुढच्या खेपेला पांढरी इनॅमलची थाळी, चहाची गाळणी, हातमोजे आणि चार भिंगं घेतली. तळाचा गाळ काठीच्या टोकाला बांधलेल्या गाळणीने काढून थाळीत धुतला, तेव्हा बोटाच्या पेरापेक्षा लहान, लालभडक अळ्या वळवळताना दिसल्या. त्या डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माश्यांच्या अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून जिथे प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो अशा पाण्यातही त्या तग धरतात. मुलांनी स्वतः अनुमान काढलं की बाकी कोणी जगत नाही म्हणून इथे ह्याच दिसतात. मग गोरेवाडा तलावाच्या काठचं पाणी त्याच थाळीत पाहिलं. तिथे चतुराच्या अळ्या होत्या, पाणकिडे होते, छोट्या गोगलगायी होत्या. एका मुलीने विचारलं, "मॅडम, आमच्या नाल्याचं पाणी जाते कुठं?"

त्या प्रश्नाने माझं काम बदललं. उत्तर द्यायला फळ्यावर नकाशा काढावा लागला. नाला नाग नदीत. नाग नदी शहराबाहेर पिवळी नदीला भेटून पुढे कन्हानला. कन्हान वैनगंगेला, तिच्यावर पवनीजवळ गोसेखुर्दचं धरण. वैनगंगा आणि वर्धा एक झाल्या की प्राणहिता. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला. आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. तिच्या मुखाजवळ, काकीनाड्याकडे, कोरिंगाचं कांदळवन आहे. खडूची रेघ तिथवर नेली तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मंग आमच्या घरची पन्नी बी समुद्रात जाते का?"

इथे तुझ्यासारखं शिक्षण झालेली व्यक्ती वर्गात हवी असते. 'हो, जाते' असं उत्तर सोपं आहे, पोस्टरवरही तेच छापलेलं असतं. पण ते पूर्ण खरं नाही. बऱ्याच पन्न्या, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या, काठच्या झुडपात अडकतात, काही गाळात गाडल्या जातात, काही गोसेखुर्दच्या साठ्यात थांबतात. पुढे गोदावरीवर मेडीगड्ड्याचा बंधारा आहे, धवळेश्वरमचं जुनं बंधारेकाम आहे. तरीही काही वाटा उघड्या राहतात, आणि पुरात तर फारच. मुलाला मी एवढंच म्हणाले, "सगळ्या पोचत नाहीत, पण कुठे थांबतात ते आपण शोधू." त्या वर्गाने महिनाभर नाल्याच्या दोनशे मीटरच्या पट्ट्यात पन्न्या कुठे अडकतात ते मोजलं. पर्यावरणाच्या नावाखाली मुलांना भीती घालणं सोपं असतं, आणि मोठी झाली की त्यांना कळतं की आपल्याला अर्धं सांगितलं होतं. मग ती खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवत नाहीत. याबद्दल मी फार आग्रही आहे.

आता तुझ्या विषयाकडे. सागरी जीवशास्त्राने तुला काय दिलं असं विचारलं तर तू माशांची आणि शेवाळांची नावं सांगशील. माझ्या मते त्याहून मोलाचं काहीतरी दिलं आहे. ओहोटीची वेळ बघून खडकावर जायचं, दोरी टाकायची, अर्ध्या मीटरची चौकट ठेवायची, आतलं मोजायचं, वहीत लिहायचं, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच जागी जायचं. त्याच जागी पुन्हा जाण्याची ही सवय आपल्या शाळांत कोणी शिकवत नाही. आपल्याकडे पर्यावरण म्हणजे एक दिवसाची सहल, नाहीतर ५ जूनला एक रोप आणि एक फोटो. तुझी चौकट शाळेच्या मैदानात ठेव. जूनमध्ये त्यात गवताच्या किती जाती दिसतात, ऑक्टोबरमध्ये किती, मार्चमध्ये काय उरतं. तळ्यावर ठेवायची असेल तर आठ इंची काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोड, किती खोलवर दिसेनाशी होते ते मुलांना मोजू दे. माझ्या एका शाळेतल्या आठवीच्या मुलींनी जवळच्या तळ्याची अशी नोंदवही चार वर्षं चालवली. एक वर्ग पुढे गेला की वही पुढच्या वर्गाच्या हाती. गणपती विसर्जनाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे त्यांनी शेजारी शेजारी लिहिले होते, आणि त्या मुलींनी घरी मातीच्या मूर्तीचा हट्ट धरला. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

तरीही, "समुद्र नागपुरात आणायचाच आहे" ही तुझी इच्छा मला समजते, आणि ती सोडू नकोस. फक्त तो पडद्यावर आणू नकोस. तो घराघरांत आधीच आहे.

दर वर्षी मी एक तास असा घेते: "उद्या घरातून समुद्राची एक वस्तू आणा." पहिल्यांदा मुलं म्हणतात, आमच्या घरी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी टेबल भरतं. कोणी मीठ आणतं, आपल्या देशातलं बहुतेक मीठ गुजरातच्या मिठागरांतून येतं. कोणी देव्हाऱ्यातला शंख आणतं, आजीला न सांगता. देवीच्या परडीतल्या कवड्या येतात. आठवडी बाजारातली सुकट आणि सुके बोंबील येतात, वर्गभर वास पसरतो, आणि ज्यांच्या घरी ते शिजतात ती मुलं त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा मान वर करून बोलतात. त्यासाठीच मी हा तास कधी टाळत नाही. कोणी चायना ग्रासचं पाकीट आणतं आणि आपण खातो ती जेली समुद्री शेवाळापासून बनते हे ऐकून चकित होतं. एक वर्षी इतवारीत काष्ठौषधीचं दुकान असलेल्या घरचा मुलगा समुद्रफेन घेऊन आला. पांढरं, हलकं, होडीसारखं. वर्गातल्या बऱ्याच जणांना तो खरंच समुद्राचा वाळलेला फेस वाटत होता. ते माकूळ या मऊ अंगाच्या समुद्री प्राण्याच्या आतलं कवच आहे हे कळल्यावर त्याला आडवं कापून भिंगाखाली पाहिलं. आतले बारीक थर आणि त्यांमधल्या पोकळ्या दिसल्या. त्या पोकळ्यांतलं पाणी आणि हवा कमी-जास्त करून माकूळ पाण्यात वर-खाली होतो. तो पूर्ण तास त्या एका तुकड्यावर गेला.

सैंधव आलं तर त्याच्यावरून मागच्या काळात जाता येतं, कारण ते फार जुन्या, आटून गेलेल्या समुद्राचं मीठ आहे. आणि समुद्र आपल्यापासून कायमच इतका लांब होता असंही नाही. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिलीला, लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळात, समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्मजीवांचे अवशेष मिळाले आहेत. डायनोसॉर संपले त्या सुमाराचे, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. समुद्राचा फाटा इतक्या आत कुठून आला असेल, यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. तो वादही मुलांपुढे ठेव. विज्ञानात अजून न सुटलेल्या गोष्टी असतात हे त्यांना कोणी सांगत नाही.

पाऊसही याच तासात बसतो. नागपूरचा मोठा पाऊस बऱ्याचदा बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर अवलंबून असतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शहरात काही तासांत शंभर मिलीमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. माझ्या वर्गात त्या वस्त्यांमधली मुलं आहेत. हा विषय काढताना आधी त्यांना बोलू दे, मग समुद्राकडे जा. एका मुलाने मला विचारलं होतं, "समुद्रानं आमचं घर बुडवलं का?" त्याला घाईने हवामानबदलाचं उत्तर देऊ नकोस. पाऊस समुद्राकडून आला असेल, पण पाणी कुठून वळलं, कुठे अडलं, नदीच्या पात्रात काय बांधलेलं होतं, हे सगळं आपल्या शहराचं आहे. दोन्ही बाजू सांगायला तास पुरत नाही, तर दोन घे.

काय चालत नाही तेही सांगते. भरती-ओहोटी इथे पहिल्या वर्षी शिकवू नकोस. आपल्या तळ्यांत ती डोळ्यांना दिसत नाही, आणि न पाहिलेली गोष्ट चंद्र-सूर्याच्या आकृतीत घातली की मुलं पाठ करतात आणि विसरतात. प्रवाळाचे तुकडे, समुद्रघोडे, पर्यटनस्थळी विकत मिळणारे शोभेचे शंख वर्गात दाखवायला आणू नकोस. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ आणि समुद्रघोडे संरक्षित आहेत, आणि पर्यावरणाच्या बाईंच्या पिशवीतच तो तुकडा असला तर मुलं तेवढंच शिकतात.

आता पोटापाण्याचं, जे तुझे घरचे विचारत आहेत. त्यांचा प्रश्न रास्त आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणाचं शिक्षण सर्व पातळ्यांवर द्यायला सांगितलं, २००३ मध्ये पुन्हा बजावलं. त्यामुळे विषय सगळीकडे आहे. तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास आहे, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आहे, पदवीला सक्तीचा पेपर आहे. पण विषय सगळ्यांचा असल्यामुळे तो बहुतेक वेळा ज्याच्याकडे तास कमी आहेत त्याला दिला जातो. 'पर्यावरण शिक्षक' अशी वेगळी जागा शाळेत सहसा निघत नाही. म्हणून जाहिरातीची वाट पाहत बसलीस तर निराश होशील.

बी.एड. कधी करावं? तुला एका शाळेत, रोज, तेच वर्ग, परीक्षा आणि पेपर तपासणीसकट आवडणार असतील तर जरूर कर. पगार ठरलेला असतो आणि चाळीस मुलं तुझ्यासमोर वाढताना दिसतात, हे फार मोठं आहे. पण प्रवेश घेण्याआधी तुझ्या पदवीच्या विषयांवरून तुला कोणत्या अध्यापन पद्धती मिळतील ते नीट विचार. सागरी जीवशास्त्राला प्राणिशास्त्राच्या समकक्ष धरतात की नाही हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं आणि त्यावरून मुलींची वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट ही प्राध्यापकांसाठीची पात्रता परीक्षा दे. जीवशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र या दोन्ही विषयांचा अभ्यासक्रम समोर ठेवून कुठला जवळचा वाटतो ते बघ. पीएच.डी. फक्त तेव्हाच कर, जेव्हा एखादा प्रश्न तुला झोपू देत नसेल. घरच्यांना उत्तर द्यायला पीएच.डी. करू नकोस, पाच वर्षांनी तेच उत्तर पुन्हा द्यावं लागतं.

तिसरा रस्ता माझा आहे. शाळांशी, संस्थांशी, वनविभागाच्या प्रशिक्षणांशी, कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीशी जोडून काम करायचं. पहिली चार वर्षं मी सकाळी बारावीच्या जीवशास्त्राच्या शिकवण्या घेत होते आणि दुपारी शाळांत जात होते. त्याची लाज वाटली नाही, कारण शिकवण्यांमुळेच मला काही कामांना 'नाही' म्हणता आलं. एका कामाला मात्र नाही म्हणायला हवं होतं. निधी देणाऱ्यांना वर्षभरात दहा हजार मुलं हवी होती. मी ती केली. प्रत्येक शाळेत चाळीस मिनिटं, टाळ्या, फोटो, पुढची शाळा. अहवाल उत्तम झाला, आणि त्या दहा हजारांपैकी एकाही मुलाचं नाव मला आज आठवत नाही. तेव्हापासून मी करारात लिहून घेते की एका वर्गाला वर्षात किमान आठ वेळा भेटणार. मुलं कमी, भेटी जास्त. पैसे कमी मिळतात. तुला हे जमेल का, हे तुझ्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ते मी इथून सांगू शकत नाही. घरात दुसरी मिळकत नसेल तर आधी नोकरी धर आणि शनिवार-रविवार एक शाळा घे. त्यात कमीपणा नाही.

नागपूर या कामाला वाईट शहर नाही. नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था इथे १९५८ पासून आहे, पाण्यावर काम करणारी माणसं तिथे भेटतील. तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे जाऊन गोड्या पाण्यातल्या जिवांची ओळख करून घे, कारण ती तुझी कमकुवत बाजू असणार. गांधीसागर तलावासमोर रमण विज्ञान केंद्र आहे. पण या सगळ्यांआधी ढिवर समाजातल्या एखाद्या जुन्या मासेमाराबरोबर दोन सकाळी घालव. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या या लोकांना कुठल्या पाणवनस्पतीखाली कुठला मासा अंडी घालतो हे तोंडपाठ असतं. मरळ मासा पिल्लांची राखण कशी करतो हे मी एका आजोबांकडून तळ्याच्या काठावर बसून शिकले.

गोदावरीतल्या मोठ्या झिंग्याची गोष्टही तू नीट वाचून ठेव. त्याची मादी अंडी घेऊन खाली खाऱ्या पाण्याकडे जाते, पिल्लं तिथे वाढून पुन्हा नदी चढू लागतात, आणि वाटेत धरणं येतात. नदी आणि समुद्र एकच आहेत हे नागपूरच्या मुलाला पटवायला याहून चांगला जीव मला सापडलेला नाही. तू अरबी समुद्र शिकते आहेस आणि आपलं पाणी बंगालच्या उपसागरात जातं, म्हणून जमलं तर एकदा कोरिंगाला जाऊन ये. फळ्यावरच्या रेघेचं दुसरं टोक तू स्वतः पाहिलेलं असेल, तर मुलं ते तुझ्या आवाजात ओळखतात.

या वर्षीपुरतं एवढं कर: एम.एस्सी. पूर्ण कर, प्रबंधासाठी नोंदी घेतेस त्या वह्या जपून ठेव, मार्चच्या सुमाराला कोकणात कासवांच्या पिल्लांना समुद्रात सोडण्याचं काम चालतं तिथे आठ दिवस स्वयंसेवक म्हणून राहा, आणि गावकरी पर्यटकांना कसं समजावतात ते ऐक. लोकांना समजेल असं बोलायची भाषा मी तिथे शिकले. 'जैवविविधता' हा शब्द एकदाही न वापरता एक काकू तासभर कासवाबद्दल बोलत होत्या.

आणि मुलांसाठी काय आणायचं विचारलंस. एक लिटर समुद्राचं पाणी आण. स्वच्छ बाटलीत, बाहेर चिठ्ठी लावून: तारीख, जागा, वेळ, भरती होती की ओहोटी. खाडीच्या तोंडाशी घेऊ नकोस, तिथे गोडं पाणी मिसळलेलं असतं, मोकळ्या किनाऱ्यावरचं घे. वर्गात ते गाळून स्टीलच्या पातेल्यात सावकाश आटव. साधारण ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ उरेल, ते मुलांना तराजूवर तोलू दे. मग दुसऱ्या भांड्यात एक लिटर नळाच्या पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घालून त्यात ताजं अंडं सोड. ते बुडेल. मुलं म्हणतील, समुद्रात तर तरंगायला पाहिजे. तू काही बोलू नकोस, मिठाची बरणी त्यांच्या हातात दे. तिप्पट-चौपट मीठ पडेपर्यंत अंडं वर येत नाही, आणि तोवर त्यांनी चमच्यांचा हिशेब स्वतःच लिहायला सुरुवात केलेली असते.